प्रमुख पाहुणे जपानला निघाले

२६ मे, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या संशोधकांना ही सवय असते. पुढेमागे कोणाला माझं चरित्र लिहायचं झालं तर त्याची पंचाईत नको.

जपानहून मोरिता सरांचा ईमेल आला. फेलोशिपसाठी मी ढिगाने प्रोफेसरांना लिहिलं होतं, त्यातल्या एकाला तरी अक्कल निघाली. सर म्हणतात, तुझा थीसिस वाचला, आमच्या किनाऱ्यावरही निवट्या आहेत, तू आमच्या लॅबमध्ये दोन वर्षं आलास तर आनंद होईल. अर्ज ते स्वतः विद्यापीठातर्फे भरणार. माझ्याकडून फक्त रिसर्च प्लॅन हवा. दोन पानं. ३१ जुलैपर्यंत.

दोन पानं! निवटी, म्हणजे चिखलावर चालणारा मासा, या विषयावर मी तीनशे पानं लिहून डॉक्टर झालोय. दोन पानं म्हणजे चहा उकळेपर्यंतचं काम.

पीएच.डी. जुनी झाली की ही फेलोशिप मिळत नाही. माझं हे शेवटचं वर्ष. घाबरण्यासारखं काही नाही, नोंद असावी म्हणून लिहिलं.

अपेक्षाला सांगितलं. माझी बायको. बोईसरला एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. आमचं घर तूर्तास तिच्या पगारावर चालतं. तिला खरंच आनंद झाला. म्हणाली, मग आज बसतोस का लिहायला. मी म्हणालो, एक तारखेपासून. महिन्याची सुरुवात कशी कोरी असते.

१ जून, रविवार

एक तारखेला रविवार निघाला. कॅलेंडर आधी बघायला हवं होतं.

घिवलीला गेलो, आईबाबांकडे. आजपासून मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, गावातले समस्त पुरुष रिकामे. बाबा ओट्यावर फाटलेलं जाळं सांधत बसले होते. त्यांना जपानचं सांगितलं. म्हणाले, निवट्या बघायला जपानला? आपल्या खाडीतल्या मेल्या काय? बाबांना आंतरराष्ट्रीय दृष्टिकोन नाही. आईने विचारलं, तिथं भात मिलतो ना. मिळतो म्हटल्यावर तिची काही हरकत राहिली नाही.

संध्याकाळी देवूच्या सलूनमध्ये केस कापले, प्रोफाईल फोटोसाठी. देवू माझा शाळेतला दोस्त आणि गावच्या तरुण मंडळाचा सेक्रेटरी. त्याने विचारलं, नवीन काय. मी म्हणालो, जपानचं चाललंय. एवढंच बोललो. त्याने मालिश फुकटात केली.

४ जून, बुधवार

देवूने घिवलीच्या नाक्यावर फ्लेक्स लावला. दुसरा बोईसर रोडला, वळणावर. ‘घिवलीचे भूषण डॉ. भाग्येश पंढरी तामोरे यांची जपान येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ वर नेत्यांची रांग, खाली मंडळाच्या पोरांची रांग, सगळ्यांनी गॉगल घातलेला. मधे मी, पासपोर्ट साईज.

‘निवड झाल्याबद्दल’ हे काटेकोरपणे बरोबर नाही. पण ‘निवड होण्याची शक्यता असल्याबद्दल’ असा फ्लेक्स महाराष्ट्रात कोणी छापत नाही. शिवाय सरांनी मला निवडलंच आहे. राहिलंय ते पेपरवर्क.

अपेक्षाने कंपनीच्या बसमधून पाहिला. म्हणाली, काढायला लाव. मी म्हणालो, पावसात आपोआप जाईल, लोकांचं मन कशाला मोडा. प्लॅन कधी लिहितोस विचारलं. सोमवारपासून.

७ जून, शनिवार

मंडळातर्फे सत्कार. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल. बोलायला उभा राहिलो आणि मला थांबवेना. जिद्द, चिकाटी, जपानी लोकांची शिस्त, चिखलातून वर येणारी निवटी आणि चिखलातून वर येणारा मी. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा मागे उभे होते, मधेच निघून जाळ्याकडे गेले.

महत्त्वाचं म्हणजे, बोलताना अख्खा प्लॅन आपसूक मांडला गेला. म्हणजे तो तयार आहे. फक्त कागदावर उतरवायचा आहे.

आईने सत्काराचा नारळ संध्याकाळीच फोडून कालवणात घातला.

१४ जून, शनिवार

पालघरच्या कॉलेजातून प्राचार्यांचा फोन. मी तिथे तासिका तत्त्वावर शिकवतो. यंदाही येणार का विचारत होते. म्हणालो, सर, मी जपानला निघालोय. ते म्हणाले, हो का, फ्लेक्स बघितला, मला वाटलं दुसरा कोणी. मग त्यांनी तास रुचिता मॅडमना देऊन टाकले. लगेच, त्याच फोनवर.

बरं झालं. आता पूर्ण वेळ प्लॅनला. संकल्प: सकाळी लवकर उठणे, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवणे, रोज अर्धं पान. या हिशेबाने आठवडाभरात संपतंय, उरलेले दिवस जपानी भाषा.

१६ जून, सोमवार

उठायला उशीर. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवला होता, त्यामुळे अलार्म ऐकू आला नाही.

२२ जून, रविवार

दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगाव गुणगौरव सोहळे होतात हे मी विसरलोच होतो. शिवाय बोटी बंद, माणसं मोकळी, मांडव टाकायला हात भरपूर. सगळ्यांना प्रमुख पाहुणा हवा. जपानला जाणारा प्रमुख पाहुणा या पट्ट्यात मी एकटाच. काल दोन, आज एक. शाली आता कपाटात मावत नाहीत. अपेक्षाने एक इस्त्रीच्या टेबलावर अंथरली.

मुलांना सांगतो, वेळेचं नियोजन करा. हे बोलताना आवाज छान लागतो.

नकार द्यावा म्हटलं तर समाजाचं ऋण आड येतं.

२७ जून, शुक्रवार

अपेक्षाच्या लॅबमधले इन-चार्ज रिटायर झाले. ती जागा तिची होती. सगळी लॅब गेली काही वर्षं तीच ओढतेय. मॅनेजरने जागा हर्षितला दिली. हर्षितला काम हिनेच शिकवलं, अजून सह्या करताना हिच्याकडे बघतो. तिने जाऊन विचारलं, तर मॅनेजर म्हणाला, मॅडम, आप तो जापान जा रहे हो, रोड पे बोर्ड लगा है. आता बदलता येत नाही, वरून मंजुरी आली.

मी म्हणालो, एका अर्थी बरंच झालं, नाहीतर निघताना राजीनामा देणं जड गेलं असतं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. मग म्हणाली, भाग्येश, आता तरी तू जायलाच हवंस. कळतंय का तुला? नाहीतर माझी जागा नुसतीच गेली.

कळतंय, म्हणालो. कळलंच होतं. कळून पुढे काही झालं नाही.

३ जुलै, गुरुवार

बसलो. प्रत्यक्ष बसलो. थीसिसची फाईल उघडली. पीएच.डी. झाल्यानंतर पहिल्यांदाच. वाचायला लागलो तर कोणा दुसऱ्याची वाटली. हा माणूस पहाटे ओहोटीला गुडघाभर चिखलात उभा राहून निवटीचं बीळ मोजायचा आणि त्याला त्याची मजा वाटायची. असं त्यानेच प्रस्तावनेत लिहिलंय. वाचून मला काही वाटलं नाही. आनंद नाही, वाईट नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर हिरडीत सुई देतात, त्यानंतर बोटाने दाबलं तर जसं लागतं तसं.

बहुधा ॲसिडिटी. दुपारी झोपलो.

९ जुलै, बुधवार

अपेक्षा ड्युटीवरून आली, हातपाय धुतले आणि लॅपटॉप स्वतःच्या मांडीवर घेतला. म्हणाली, तू फक्त बोल, मी टाईप करते. भाषणात बोलतोस तसं बोल. जपानला जाऊन पहिल्या दिवशी काय करणार?

मी म्हणालो, लिही: प्रस्तावना. तिने लिहिलं. मग मी छताकडे बघितलं. पंखा फिरत होता. ती थांबली होती. तिची बोटं कीबोर्डवर तशीच ठेवलेली. मी बोलायला तोंड उघडलं की जिद्द आणि चिकाटीच आठवायची. तिने विचारलं, बरं, निवटी बिळात हवा कशी साठवते ते सांग, लग्नाआधी मला बीचवर सांगायचास, मी कंटाळून ऐकायचे. मला ते माहीत होतं. शब्द येत नव्हते.

खूप वेळाने ती म्हणाली, तुला बरं नाहीये का? डॉक्टरकडे जाऊ या का? मी म्हणालो, छे, मला काय झालंय. तिने लॅपटॉप मिटला आणि कुकर लावला.

टीमवर्क मला जमत नाही. मी एकट्याने काम करणारा माणूस आहे.

१८ जुलै, शुक्रवार

मोरिता सरांचा ईमेल. तुझ्या प्लॅनची वाट बघतोय, काही अडचण असेल तर मोकळेपणाने कळव, कच्चा असला तरी पाठव, आपण मिळून सुधारू. जपानी माणूस नम्र असतो. घाई असती तर असं लिहिलं असतं का? याचा अर्थ मुदत लवचिक आहे.

उत्तर लिहिलं: अंतिम हात फिरवतोय.

२६ जुलै, शनिवार

बचत गटाच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणा. विषय, ‘आजचे काम आजच’. विषय त्यांनीच दिला होता. आईपण आली होती, तिच्या बरोबरच्या मासळी विकणाऱ्या बायका घेऊन. कार्यक्रम झाल्यावर तिने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, तुजं ते लिवायचं झालं का रे? अपेक्षा बोलली काहीतरी राहिलंय. मी म्हणालो, होत आलंय. तिने माझ्या गळ्यातला हार काढून हातात घेतला. म्हणाली, बारीक झालास.

३० जुलै, बुधवार

उद्या. प्रेशरखाली माझं काम उत्तम होतं. थीसिसही असाच शेवटच्या दिवशी दिला होता.

३१ जुलै, गुरुवार

सकाळी. टेबल पुसलं. पेनं लावली. पेनाने लिहायचं नाहीये, तरी लावली.

दुपारी. शीर्षक लिहिलं. माझं नाव लिहिलं. नाव बोल्ड केलं. फार ठळक दिसलं म्हणून पुन्हा साधं केलं. देवूचा फोन आला, तो उचलला, कारण महत्त्वाचा असू शकतो. निरोप समारंभाची तारीख विचारत होता. म्हणालो, बघू.

संध्याकाळी. अपेक्षाने घरी आल्यावर विचारलं नाही. लॅपटॉपकडे बघितलं आणि आत गेली.

जेवायच्या आधी. लॅपटॉप बंद केला. विशेष काही नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

मोरिता सरांचा ईमेल. तुझ्याकडून काही आलं नाही, तुझं सगळं ठीक असेल अशी आशा करतो, विद्यापीठाची मुदत संपल्यामुळे दुसऱ्या उमेदवाराचं नाव द्यावं लागलं, क्षमस्व. क्षमा त्यांनी मागितलीय.

रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. दुधाची पिशवी बाहेर राहिली होती, ती फ्रीजमध्ये ठेवली. अपेक्षाला ईमेल दाखवला. तिने वाचला, फोन परत दिला. म्हणाली, आता गावाला तू सांगायचंस. मी नाही सांगणार आणि मी खोटंही बोलणार नाही. कोणी विचारलं तर खरं सांगेन.

रास्त आहे. मंगळवारी सांगतो.

५ ऑगस्ट, मंगळवार

सांगायलाच घिवलीला गेलो. वाक्यही तयार होतं: मित्रहो, काही तांत्रिक कारणांमुळे.

देवूने ईको गाडी ठरवून ठेवली होती. निरोप समारंभ नारळी पौर्णिमेला. समुद्राला नारळ द्यायला सगळं गाव बंदरावर येतंच, मांडव आहे, बँजो आहे, वेगळा खर्च नको. आणि तिथून थेट एअरपोर्ट. मी म्हणालो, देवू, ऐक, काही तांत्रिक कारणांमुळे. तो म्हणाला, व्हिसाचं ना? होतंय रे, टेन्शन नको घेऊ, मावशीला नवीन लुगडं पन घेतलंय मंडलाने. मावशी म्हणजे माझी आई, साखरबाई.

यापुढे माणसाने काय बोलायचं.

८ ऑगस्ट, शुक्रवार, नारळी पौर्णिमा

सकाळी अपेक्षाने माझी बॅग भरून दिली. म्हणाली, मी येणार नाही, मला असलं हसता येत नाही. आणि कामावर गेली.

बंदरावर सगळं गाव. बोटींना पताका. समुद्राला द्यायच्या नारळाला मला हात लावायला दिला. बाबांनीही लावला, माझ्याकडे बघितलं नाही. आई नव्या लुगड्यात. तिने सुक्या बोंबलाची पिशवी बॅगेत कोंबली आणि गालावरून हात फिरवला. भाषण केलं. आयुष्यातलं सर्वोत्तम. दोन बायका रडल्या. मी आतून पाटीसारखा कोरा होतो.

योजना अशी: गावाला सांगितलं, जपानवाल्यांची गाडी मला मनोरला हायवेवर घेणार आहे. मनोर कारण तिथे दर्पण आहे. एम.एस्सी.चा मित्र, दहावीचे क्लासेस घेतो, क्लासच्या मागे एक खोली रिकामी आहे. आणि मनोरला घिवलीचं काळं कुत्रं येत नाही. बोईसरला घरी राहिलो असतो तर बाजारात आईच मासळी घेऊन बसलेली.

देवू आणि बाकीची पोरं हायवेवर माझ्याबरोबर थांबली. जपानची गाडी बघूनच जातो म्हणाली. वडापाव झाले, चहा झाला. शेवटी सांगितलं की त्यांच्या प्रोटोकॉलमध्ये गर्दी चालत नाही. हे देवूला पटलं. त्याने मला मिठी मारली, पोरांनी सेल्फी काढला आणि ईको वळली. मी हार कडेच्या झाडाला अडकवून दर्पणच्या क्लासकडे चालत गेलो. तो म्हणाला, हे काय, तू जपानला जाणार होतास ना. म्हणालो, थोडं लांबलंय.

११ ऑगस्ट, सोमवार

इथे शांतता आहे. शांततेत काम होतं. दर्पणच्या पोरांना विज्ञान शिकवतो, खोलीच्या बदल्यात. आईचा फोन आला. पोचलास का. पोचलो. हवा कशी हाय. मोबाईलवर बघून सांगितलं, तिकडे दमट आहे, पाऊस नाही. म्हणाली, छत्री ठेव तरी. बोंबील खाल्ले का. खाल्ले. हे खरं होतं.

बाहेर मनोरचा पाऊस पत्र्यावर आदळत होता. म्हटलं आईला ऐकू गेला असेल का.

१७ ऑगस्ट, रविवार

अपेक्षा येऊन गेली. धुतलेले कपडे घेऊन. दर्पणच्या बाकावर बसली. हर्षितने आता सह्या करताना बघणं सोडलंय म्हणाली. मी पुढचा बेत सांगायला लागलो: कॅनडा. तिथे पीएच.डी. किती जुनी आहे विचारत नाहीत, असं ऐकलंय. ती म्हणाली, भाग्येश, मी थकले. भांडायला पण नाही उरलं काही. डॉक्टरची वेळ घेतलीय पालघरला, पुढच्या आठवड्यात, तू यायचंस. मी म्हणालो, बघतो. ती म्हणाली, बघायचं नाही, यायचं.

आई रोज फोन करते. रोज हवामान सांगतो. परवा तिकडे भूकंपाचा हलका धक्का बसल्याचंही तिला सांगितलं. तपशील असला की विश्वास बसतो.

२३ ऑगस्ट, शनिवार

आईचा फोन. सवयीने म्हणालो, आज तिकडे ऊन आहे. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, भाग्या, गणपती बुधवारी हाय, घरी ये.

मी म्हणालो, आई, इतक्या लांबून लगेच कसं येणार. ती म्हणाली, मनोरवरून गाडी हाय की.

सुलूने पाहिलं होतं. सुलू आमची शेजारीण. ती सुकी मासळी घेऊन मनोरच्या बाजाराला येते, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मला नव्हतं. मी निघालो त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने मला केळी घेताना पाहिलं. त्या संध्याकाळी गावाला कळलं. देवूला, बाबांना, आईला. म्हणजे पहिल्या फोनच्या आधीपासून. मी विचारलं, मग तू रोज हवामान कशाला विचारत होतीस. आई म्हणाली, तू बोलत होतास ना. घरी आलास की बोलायचास कुठं? फोनवर तरी बोलत होतास.

मी म्हणालो, अपेक्षाने सांगितलं नाही तुला? म्हणाली, तिला कोनी विचारलंच नाय. पोरीला खोटं बोलायला लागू नये म्हनून. तिची जागा गेली तेवढं पुरे झालं.

बाबा काय म्हणतात विचारलं. म्हणाली, ते म्हनतात, जेवायला ताट वाढायचं का ते विचार.

मी म्हणालो, लोक काय म्हणतील? आई म्हणाली, लोक काय म्हनतील, गणपतीला मुंबईवाले येतात, दुबईवाले येतात. तू जपानवरून सुट्टीवर आलास म्हनतील. आमी तसंच सांगितलंय. कोन तोंडावर बोलनार नाय, देवूने बघून ठेवलंय.

फोन ठेवला आणि लाज वाटली. बऱ्याच महिन्यांनी काहीतरी वाटलं, म्हणून थोडा वेळ तसाच बसून राहिलो. दर्पणची पोरं आली होती, त्यांना स्वाध्याय लिहायला दिला.

मंगळवारी निघतो. बॅग भरली. सुट्टी किती दिवसांची सांगायची, ते आईला विचारायचं राहिलं.